सात वाजताच्या बातम्यांचा कोट

मी एक जुना कोट आहे. रंग गर्द निळा, अस्तर गुळगुळीत, बटणं तीन. त्यातलं मधलं बटण मूळचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. खोटं बोलायची सवय मला नाही, ती माणसांना असते. गेल्या रविवारी रायपूरच्या चौबे कॉलनीत आमच्या जुन्या टीव्ही स्टुडिओतली मंडळी जमली होती. पोहे खाता खाता आठवणी निघाल्या आणि मित्रांनो, काय एकेकानं थापा मारल्या! एक म्हणाला, कोट मी सदर बाजारातून आणला होता. दुसरा म्हणाला, छे, तो खास नागपूरहून मागवला होता. मी तिथंच खुर्चीच्या पाठीवर लटकत होतो. मला तोंड असतं तर एकेकाला गप्प केलं असतं! तेव्हा आता खरं काय ते तुम्हीच ऐका.

माझा जन्म गोंदियाचा. तिथल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं मला आपल्या होणाऱ्या जावयासाठी शिवलं. त्यांची नजर अधू झाली होती. सुईत दोरा त्यांची लेक शांता ओवून द्यायची आणि ते बोटांनी चाचपून टाके घालायचे. माझ्यानंतर त्यांनी दुकानाला कुलूप लावलं ते कायमचंच. म्हणजे मी त्यांचा शेवटचा कोट. जावयाचं नाव मारोती. लग्न मे महिन्यातलं. बिचाऱ्यानं मला चार तास अंगावर सोसलं आणि वरात दारात येताच काढून टाकलं. मग मी मारोती-शांताबरोबर रायपूरला आलो आणि बारा वर्षं पेटीत डांबराच्या गोळ्या हुंगत पडलो.

पुढे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि जो तो काहीतरी उघडायच्या मागे लागला. बुढापारा नावाच्या वस्तीत एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन कुणीतरी चक्क टीव्ही चॅनल उघडलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. मारोती मराठी नाटकांत तोंडं रंगवायचा, त्याला तिथं मेकअपचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी बातम्या वाचणारे नीलकंठभाऊ चौकड्यांचा बुशशर्ट घालून आले. राजधानीच्या बातम्या आणि बुशशर्टात? सगळ्यांनी डोक्याला हात लावला. मारोती सायकल मारत घरी गेला आणि मला घेऊन आला. शांताबाईंना सांगून आला, "दोन दिवसांकरता नेऊन राहिलो." ते दोन दिवस पुढे चार वर्षं चालले.

अडचण अशी होती की मी मारोतीच्या मापाचा होतो आणि बातम्या मारोती वाचत नव्हता. नीलकंठभाऊ चांगले अंगानं भरलेले. माझी बटणं लागेनात. शेवटी मारोतीनं एका दुपारी, चोरासारखं इकडंतिकडं पाहत, माझ्या पाठीची शिवण वीतभर उसवली. नीलकंठभाऊ मावले! मागून मी उघडा पडलो, पण मागून कोण पाहतं? रविवारी मुलाखती घ्यायला शिशिर यायचा. तो अगदीच काडी. त्याच्या अंगावर मी तंबूसारखा लोंबायचो, म्हणून मारोती मला पाठीकडून गोळा करून कपडे वाळत घालायचे नऊ चिमटे लावायचा. लाल, हिरवे, पिवळे. समोरून पाहाल तर शिशिर म्हणजे साहेब! नियम एकच होता, कॅमेऱ्याला पाठ दाखवायची नाही.

तिकडे शांताबाई रोज सात वाजता शेजारणींना गोळा करून टीव्हीपुढे बसायच्या. पूर आलेला असो की पुलाचं उद्घाटन असो, त्यांची नजर माझ्या कॉलरवर. "हा माह्या बाबांनी शिवला," असं रोज सांगायच्या. बाबा तोवर वारले होते. मारोती घरी आला की त्यांचा पहिला प्रश्न, "कोट बरा आहे ना?" आणि मारोती म्हणायचा, "जसा नेला तसाच आहे." हे मला कसं ठाऊक? मला ब्रश मारताना तो सगळं बडबडायचा. म्हणायचा, "लेका, तुही पाठ जर तिनं पाहिली ना, तर माही काही खैर नाई." मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. उसवलेली पाठ माझी होती, त्याची नव्हे.

आणि मग तो दिवस आला. राज्याचा स्थापना दिवस, रविवार, संध्याकाळी सहाला थेट प्रक्षेपण. पाहुणे होते यज्ञेश्वर सर, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. नऊ चिमटे पाठीवर घेऊन शिशिर ऐटीत बसला होता. सरांना यायला उशीर झाला. शिशिरनं कार्यक्रम सुरू केला आणि सर मधूनच आत शिरले. आता मित्रांनो, ज्या मास्तरांच्या छड्या खाल्ल्या ते समोर आल्यावर कोणाला नियम आठवतो? शिशिर ताडकन उठला, वळला आणि पाया पडायला वाकला. माझी पाठ थेट कॅमेऱ्यात! कॅमेरामन दयारामला वाटलं, वा, गुरुशिष्याची भेट. त्यानं हौसेनं कॅमेरा आणखी जवळ नेला. सरांनी आशीर्वादाचा हात पाठीवर ठेवला, तो पिवळ्या चिमट्यावर. त्यांनी तो काढून नीट न्याहाळला.

"बेटा, ये क्या है?"

शिशिर वाकलेलाच होता. "सर, ये... तकनीकी व्यवस्था है."

एक चिमटा निघाला तशी माझी घडी सुटली आणि बाकीचे टपाटप उडाले. एक तर सरांसाठी ठेवलेल्या चहात पडला. पाठीच्या भोकातून शिशिरचा पांढरा सदरा साऱ्या रायपूरनं पाहिला. दयाराम हसू दाबता दाबता इतका हलला की पडद्यावर भूकंप झाला. मारोती मात्र हसला नाही. तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "आता मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

जायची गरज पडली नाही. सातला वीस मिनिटं कमी असताना टीव्हीवर माझी पाठ पाहून शांताबाईच जिना चढून आल्या, मारोतीकडे न पाहता. आत नीलकंठभाऊंनी नुकते माझ्यात हात घातले होते.

"काढा," त्या म्हणाल्या.

मंत्र्यांना उलटे प्रश्न विचारणाऱ्या नीलकंठभाऊंनी मला निमूट काढून दिलं. शांताबाईंनी मला उलटं केलं, शिवणीतून बोट फिरवलं.

"हे कोणं उसवलं?"

सगळे छताकडे पाहू लागले. दारातून मारोती म्हणाला, "म्या."

"काहून?"

"नीलकंठभाऊ मावत नव्हते."

"अन् मले चार वर्षं खोटं सांगत राहिले? बाबाले दिसत नव्हतं हो! हातानं चाचपून घातलेले टाके होते ते. तुमच्या मापाचे!"

मारोतीला रडू फुटलं. "तुले सांगितलं असतं तर तू कोट घेऊन गेली असती. मंग माही इथं काय गरज होती, शांते? पावडर तर कोणीबी लावते. कोट आणला म्हणून मले इथं मान होता."

मला तर अस्तरापर्यंत भरून आलं. शांताबाईंनी नाक पुसलं, मेकअपच्या स्टुलावर बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून सुई काढली. त्या टाके घालू लागल्या. घड्याळ पुढे चाललं होतं.

"वहिनी," नीलकंठभाऊ हळूच म्हणाले, "पण मग मी नाही मावणार."

"नका मावू."

शेवटची गाठ मारून त्यांनी मला झटकलं आणि मारोतीपुढे धरलं. "घाला." मारोतीनं घातलं. त्यांनी स्वतः तिन्ही बटणं लावली. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, पाठ बरोबर. सोळा वर्षांनी मी माझ्या माणसाच्या अंगावर होतो!

"हव, एकदम फिट!" दयाराम ओरडला.

"काका, आज आप ही बैठ जाओ ना," शिशिर म्हणाला. सातला दोन मिनिटं होती. नीलकंठभाऊंनी हातातले कागद पाहिले, आपला बुशशर्ट पाहिला आणि कागद मारोतीच्या हातात कोंबले. "पहिली बातमी तू वाच. मग जाहिरात लागते, तोवर मी कोणाचा तरी कोट शोधतो."

मारोती वाचायला बसला. घाम इतका की लग्नात नव्हता. पहिली बातमी त्यानं नागपुरी हिंदीत अडखळत वाचली आणि नीलकंठभाऊंनी स्वतःसाठी कंसात लिहिलेलं "यहाँ थोड़ा मुस्कुराना है" हेही गंभीरपणे वाचून टाकलं. त्या दिवशी चॅनलला बावीस फोन आले. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, हे नवे साहेब कोण? शांताबाई कॅमेऱ्याच्या मागं उभ्या होत्या. चार वर्षं त्यांनी मला काचेतून पाहिलं होतं. आता समोर पाहत होत्या आणि हसत होत्या, गाल ओले होते ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

त्यानंतर नीलकंठभाऊंनी स्वतःच्या मापाचा कोट शिवला. मारोती तिथं आणखी नऊ वर्षं राहिला आणि कोट नसतानाही त्याचा मान तसूभर कमी झाला नाही. ती भीती त्याची उगाचच होती.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी कुणासाठी जीव लावून शिवलेलं, विणलेलं काही असेल. मोठेपणासाठी ते गावभर फिरवू नका आणि जपायच्या नावाखाली पेटीतही कुजवू नका. ज्याचं माप घेऊन ते केलं, त्याला ते घालायला लावा. आणि ज्या हातांनी ते केलं ते हात आता नसतील, तर त्यांच्या लेकीला समोर उभं करा. तिला एकदा पोटभर पाहू द्या.