लोविनाची पेटी

मी सुतार. गावातली निम्मी घरं माझ्या हातची, आणि शवपेट्या तर सगळ्याच. पण झाकण न ठोकता मी एकच पेटी दिली, ती माझ्या सख्ख्या भाचीची.

लोविना सात वर्षांची होती. ऑगस्टच्या शेवटी घशाच्या तापाने तीन दिवसांत गेली. माझ्या धाकट्या बहिणीला, थर्झाला, त्या पोरीशिवाय कोणी नव्हतं; नवरा चार वर्षांपूर्वी नदीत बुडाला. त्यात तो उपदेशक पर्डी अख्ख्या न्यू हॅम्पशायरभर सांगत सुटला होता, की बावीस ऑक्टोबरला प्रभू ढगांतून येणार, जग जळणार आणि मेलेले उठणार.

"खिळे मारू नकोस, दादा," थर्झा म्हणाली. "आठच तर आठवडे. एवढ्याशा हातांनी तिला झाकण उघडता यायचं नाही."

अगं बाई, जो कबरी फोडणार त्याला चार खिळे जड आहेत का? ओठांवर आलं होतं, गिळलं. कारण ती पोर जाताना मी तिथेच होतो.

"आई, तू उठवशील ना?"

"उठवीन गं. ऑक्टोबरात पानं लाल झाली की उठवीन. तू आता झोप."

आणि ती न घाबरता झोपली. त्या घटकेला पर्डीला शिव्या द्यायची माझी छाती झाली नाही.

थर्झाने गाय देऊन टाकली. बटाटे जमिनीतच राहू दिले. मंगळवारी बावीस तारीख आली, तशीच गेली.

बुधवारी सकाळी मी दफनभूमीच्या टेकडीवर गेलो. चाळीसेक माणसं रात्रभर वाट पाहून दंवात भिजलेली, रडून डोळे सुजलेली, घरी निघाली होती. कुंपणाशी गिरणीवाला टोबायस उभा.

"काय मंडळी, अजून इथेच? आम्हाला वाटलं वर पोचलात!"

पर्डी सांगत होता, "गणितात चूक झाली. वसंतात येणार, नक्की येणार." दोघा-तिघांनी लगेच "आमेन" म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय! मला हसू नाही आलं, संताप आला. आणि तो मी काढला कुणावर, तर कबरीपाशी बसलेल्या बहिणीवर.

"झालं समाधान? चल आता घरी."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. तिने मान वर केली.

"दादा, मी तिला शब्द दिला होता रे. काल दिवसभर हाका मारल्या. लोविना, ऊठ बाळा. आधी हळू, मग सगळ्यांसमोर ओरडून."

मी तिथेच ओल्या गवतात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. लाज कसली त्यात?

पर्डी जवळ आला. "भगिनी, वसंतापर्यंत धीर धर."

"तुम्ही धरा," थर्झा म्हणाली. "पोरीला आणखी किती वेळा खोटं सांगू मी?" मग माझ्याकडे वळली. "दादा, जमीन गोठायच्या आत झाकण ठोकून घे."

"राहू दे ना गं. कशाला पुन्हा उकरायचं?"

"ठोक. आता तिला झोपूच दे."

दुपारी मी खणायला लागलो. थोड्या वेळाने टोबायस फावडं घेऊन आला आणि शेजारी खणू लागला. पेटी लागली तसं मी त्याला वर पाठवलं, गुडघे टेकले आणि हातोडी उचलली. थर्झा काठावर वाकली होती.

"हळू ठोक, दादा," ती म्हणाली. "तिला वाटेल, मी उठवायला आलेय."

मी डोक्यावरची टोपी काढली आणि हातोडीला गुंडाळली.