मी इंजिनाच्या खांद्यावरची पेटी

बंद पेटी उघडायची नाही. या गॅरेजमध्ये हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. गॅरेजवाल्या मिस्त्रींची मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा एकदा उलट्या खोक्यावर चढून तिने माझ्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला होता. मिस्त्रींनी तो तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "आत काय आहे ते बनवणाऱ्याला माहीत. बिघडली की काढायची, दुसरी बसवायची. का आणि कसं, ते विचारायचं नाही."

ती विचारत राहिली. म्हणून तिचं नाव पडलं वकीलबाई. पुढे ती कॉलेजात जाऊन इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली, तरी घरच्यांसाठी वकीलबाईच राहिली.

मी तीच बंद पेटी बोलतेय. कागदोपत्री माझं नाव फ्युएल इंजेक्शन कंट्रोल मॉड्यूल. एवढं लांब नाव घ्यायला इथे कुणाला सवड नाही. मी डिझेल ट्रकच्या इंजिनावर, अगदी खांद्यावर बसावं तशी बसते. बॅटऱ्यांकडून येणारी वीज वाढवून अठ्ठेचाळीस व्होल्ट करते आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना वाटते. कुणी कधी उघडायचं आणि किती डिझेल सोडायचं, तेही मीच सांगते. मी थकले की ते उपाशी, आणि ते उपाशी राहिले की ट्रक जागचा हलत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने मला तपासलं आणि पाठीवर स्टिकर लावलं, तेही तिरकं. तिची जेवणाची सुट्टी झाली असावी. मग झाकण लागलं आणि आत कायमचा अंधार झाला.

माझा ट्रक मिस्त्रींच्या थोरल्या भावाचा. सगळे त्यांना काका म्हणतात. सतरा वर्षं ते आठवड्यातून तीन फेऱ्या करून कौलांच्या कारखान्याचा माल पोचवतात. कौल फुटू नये म्हणून खड्ड्यात गाडी अशी हळू उतरवतात, जणू मागे कुणी झोपलंय. ट्रकच्या तोंडावरून रोज ओलं फडकं फिरवतात, पण बॉनेट उघडून कधी आत बघत नाहीत. दिसतं तेवढं पुसायचं, हा माणसांचा स्वभावच आहे. आणि काही बिघडलं की ठरलेलं वाक्य, "डिझेलच भेसळीचं."

दोन वर्षांपूर्वी माझं दुखणं सुरू झालं. इंजिनाची धग आणि रस्त्याचे हादरे सोसून माझ्या आतले कथलाचे बारीक सांधे तडकले. सकाळी गार असताना ते एकमेकांना सोडायचे, ट्रक खोकायचा, धूर ओकायचा. इंजिन तापल्यावर सांधे पुन्हा जुळायचे. काका तक्रार घेऊन गॅरेजपर्यंत यायचे तोवर इंजिन गाण्यासारखं चाललेलं असायचं.

"इथे आली की शहाण्यासारखी वागते," काका म्हणायचे.

"तुझ्यावरच रुसते ती," मिस्त्री म्हणायचे आणि डिझेल फिल्टर बदलायचे. मग टाकी धुतली. मग पंप उतरवला. मग सगळे इंजेक्टर काढून साफ केले. माझ्याकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही.

एका सोमवारी ट्रक सुरूच झाला नाही. कारखान्याने काकांना कळवलं, आठ दिवस वाट बघू, मग ही फेरी दुसऱ्या गाडीला देऊ. काका गॅरेजच्या बाकावर येऊन बसले आणि चहा हातातच गार झाला. सतरा वर्षांचा रस्ता आठ दिवसांत हातचा जाणार होता.

वकीलबाईने मीटर आणला. त्याची तार माझ्यावर टेकवली आणि काकांना किल्ली फिरवायला सांगितली. आकडा सत्तावीसवर घसरला.

"बाबा, इंजेक्टर चांगले आहेत. पेटी त्यांना निम्मंच वाढतेय."

मिस्त्रींनी चष्म्यावरून मीटरकडे पाहिलं. "मग पेटी गेली. नवी मागवू."

"महिन्याने येईल. काकांकडे आठ दिवस आहेत."

"दुरुस्तीवाल्याकडे पाठवू."

"तो आपली ठेवून घेतो आणि दुसऱ्याची रंगवून देतो. मागच्या वेळी त्या दुसऱ्या गाडीला काय आलं होतं, आठवतंय ना? मी उघडून बघते. सांधे तडकले असतील तर दोन तासांचं काम आहे."

"बंद पेटी आपण उघडत नाही."

"का?"

"झालं, कोर्ट सुरू," काका म्हणाले. "अगं, भंगारवाल्याकडे याच मॉडेलचा ट्रक आलाय. त्याची पेटी आणू आणि विषय संपवू."

विषय असा संपला की मला उतरवून चिंध्यांच्या टोपलीत टाकलं आणि माझ्या जागेवर ती परकी पेटी बसवली. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग आला. ट्रक सुरू झाला. काकांनी जाताना हॉर्न वाजवला, तो मुद्दाम वकीलबाईसाठी होता.

दुपारी ट्रक दोरीने ओढत परत आणावा लागला. ती पेटी अर्ध्या दिवसात गेली होती.

मिस्त्री हात पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले. वकीलबाईने टोपलीतून मला उचललं, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं आणि पहिला स्क्रू काढला.

"अगं, काय करतेस?"

"ही मेलीच आहे म्हणता ना, बाबा? मग तिला आणखी काय होणार आहे?"

सतरा वर्षांनी माझ्या आत उजेड आला. तो कसा वाटला ते मला नीट सांगता येणार नाही. लाजही वाटली आणि बरंही वाटलं. तिने भिंग धरलं. प्रत्येक सांध्याभोवती केसासारखी बारीक रेघ होती. मिस्त्रींना राहवलं नाही, ते जवळ आले, भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"दिवा इकडे धरा," ती म्हणाली.

त्यांनी धरला. तीस वर्षं दुसऱ्यांना दिवा धरायला लावणारा माणूस दोन तास न हलता उभा होता. तिने एकेक सांधा तापवला, जुनं कथील काढलं, नवं भरलं. मध्ये एकदा कथील बाजूला ओघळलं, तेव्हा मिस्त्री हळूच म्हणाले, "घाई नाही." तेवढंच.

टेबलावर तपासलं तेव्हा मीटरवर अठ्ठेचाळीस आले आणि तिथेच राहिले. इतकं हलकं मला त्या पांढऱ्या हातमोज्यांनंतर कधी वाटलं नव्हतं.

"बसव लवकर," काका उठले. "उद्या फेरीला जातो."

वकीलबाई बसवायला गेली नाही. "सांधे तडकले कशाने?"

"वय झालं," मिस्त्री म्हणाले.

"भंगारातलीही इथे येऊन अर्ध्या दिवसात गेली. दोघींचं वय एकाच आठवड्यात झालं?"

ती मीटर घेऊन बॅटऱ्यांकडे गेली. ट्रकला दोन बॅटऱ्या आहेत, शेजारी शेजारी. एक मागच्या वर्षीची, दुसरी सहा वर्षांची. काकांची ही रीतच. जोडी एकदम बदलायची नाही, जी मेली तेवढीच बदलायची. नवीचं निम्मं बळ जुनीला सावरण्यात जायचं. किल्ली फिरवली की दोघी मिळून मान टाकायच्या, आणि कमी विजेतून पुरं काम काढता काढता मी आतून जळायचे. धग आणि हादरे मी सोसले असते, माझं खरं दुखणं ते होतं. मी कधी बोलू शकले नाही, ते तिने पाच मिनिटांत ओळखलं.

"काका, दोन्ही बदला."

"जुनी चालते अजून. चालती वस्तू टाकायची नाही. तुझ्या जन्माआधीपासून असंच करतोय मी."

"चालती पेटी मात्र भंगारात टाकायला निघालात."

"मोठ्यांशी बोलतेयस," मिस्त्री म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"माहितेय, बाबा." तिने मला फडक्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन बाकावर बसली. "दोन्ही बॅटऱ्या नव्या आल्याशिवाय मी ही बसवणार नाही."

"गाडी माझी आहे," काका म्हणाले.

"गाडी तुमची. तुमचा रस्ता जायला नको म्हणूनच सांगतेय. जुनीवर बसवली तर पुढच्या महिन्यात तुम्ही इथेच बसलेले असाल आणि कारखान्यात दुसरी गाडी उभी असेल. ते माझ्या हातून होणार नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही."

काकांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

माणसांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. एखादी वस्तू फेकण्याआधी ती कशाने थकली, एवढं बघा. माझं म्हणाल तर मी सुखात आहे. फडकं मऊ आहे, आत सगळं जुळलेलं आहे, आणि तिच्या हाताची पकड जराही ढिली झालेली नाही.

काका पाना घेऊन बॅटऱ्यांपाशी वाकलेत, आधी जुनी सोडवताहेत.