ओल मिळेपर्यंत

बहात्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातल्या एका वस्तीवर टँकर एक दिवसाआड यायचा आणि माणशी एक कळशी पाणी मिळायचं. हरणाबाई आपली कळशी आणायची, भाकऱ्या थापायची आणि खडी फोडायला जायची. तिथंच, खडीच्या ढिगापाशी, आठव्या महिन्यात ती बाळंत झाली होती. पोर नऊ दिवस जगलं. बारसंही झालं नाही.

तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सासू दगडाबाईला त्याचाच घोर लागला होता. न रडलेली बाई हातची जाते, असं तिचं म्हणणं. एकदा तिनं स्वतःच शेजारी बसून गळा काढला, की ऐकून तरी ही रडेल. ही उठली आणि राखेनं परात घासायला लागली.

पोराला घरामागच्या बोरीखाली पुरलं होतं. सगळं शिवार दगड झालेलं, खणलेली माती काय ती तेवढीच. तिथं रोज एक सरडी यायची, पोट टम्म फुगलेली. वरवर उकरायची, डोकं आत घालून बघायची आणि तशीच भरल्या पोटानं निघून जायची.

हरणाबाईनं तिला हाकलायला खडा उचलला, तेव्हा सासऱ्यानं, नानासोनं तिला थांबवलं. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस.

"ती वल बघत्या," तो म्हणाला. "कोरड्यात घातली तर अंडी सुकत्यात. वल घावस्तवर पोटातच धरून ऱ्हाती."

आपल्याला नाही धरता आलं, हे तिच्या मनात आलं, आणि येऊनही कुठं दुखलं नाही.

त्या दिवसापासून ती आपली अर्धी कळशी बोरीखाली ओतू लागली. पिण्याचं पाणी मातीत जाताना दगडाबाईनं पाहिलं. मग ती आपल्या कळशीतलं पाणी सुनेच्या कळशीत ओतायला लागली.

आठवड्यानं सरडीनं अंडी घातली. मग माती लोटली आणि डोक्यानं ठोकून ठोकून बसवली. दोघी सासवा-सुना दारात बसून बघत होत्या.

"पोरावर माती लोटाय मला न्हेलं न्हाई," हरणाबाई म्हणाली. "बाळंतिणीच्या सुवेरात व्हते म्हून."

दगडाबाईनं बोरीकडं बोट केलं. मग म्हणाली, "आता लोट, बाय."

सरडी निघून गेल्यावर हरणाबाईनं मूठभर माती सरकवली आणि अंड्यांना धक्का लागू नये म्हणून हलक्या हातानं थोपटली. मग तो हात थांबेना. थोपटता थोपटताच तिला हुंदका फुटला, आणि दगडाबाईनं तिला गप्प केलं नाही.