डाव्या हाताचा पीळ

ताई शेडमध्ये शिरली तीच धुसफुसत. आठवडाभर तापाने अंथरूण धरलं होतं, अंगात त्राण नव्हतं, आणि इकडे धाकट्या भावाने परस्पर रविवारचं उड्डाण ठरवून पाहुणेरावळे बोलावून ठेवले होते. घरच्या घरी विमान बांधणारा माणूस थोडा अर्धवटच असायचा, हे तिला मान्य होतं. पण घाईला काही सुमार?

"आधी तारा बघते," ती म्हणाली. "मग तुझं उड्डाण."

"बघ की. तूच तर पास केल्यास सगळ्या," भाऊ पंखाखालून म्हणाला.

विमानाला वर-खाली दोन पंख, आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या तिरप्या तारा. तार सुटली तर पंख मिटलाच. प्रत्येक तारेला एक पितळी नळी, तिच्या दोन्ही तोंडांतून आट्यांचे स्क्रू आत गेलेले. नळी फिरवली की तार ताणली जाते. मग ती हादऱ्यांनी उलटी फिरू नये म्हणून बारीक तार पिळून तिला कुलूप घालायचं. बहीणभावांचा पहिल्यापासूनचा करार असा, की ताण भावाने द्यायचा आणि तपासून कुलूप ताईने घालायचं. ताई डावखुरी, त्यामुळे तिचा पीळ उलटा पडायचा आणि बघताक्षणी ओळखू यायचा.

डावीकडच्या तारा ठीक होत्या. उजव्या पंखाच्या मागच्या तारेपाशी ती थबकली. नळीबाहेर स्क्रूचे सहा आटे उघडे! तीनाच्या वर दिसले की तार नापास, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. स्क्रू आत जेमतेम अडकला होता. आणि वर कुलूप होतं. पीळ उलटा.

"हे मी केलं?" तिने विचारलं.

"मग कोणी? आजारी पडायच्या आदल्या दिवशी केलंस," भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला. "वय झालं गं ताई. होतं असं."

हल्ली कपाळावरचा चष्मा ती घरभर शोधत असे. क्षणभर तिला खरंच वाटलं, झालं असेल. तिने त्या पिळावरून बोट फिरवलं, आणि तारेचं टोक कचकन बोटात घुसलं.

उभा जन्म तारा बांधण्यात गेला होता तिचा. टोक आत वळवल्याशिवाय तिने कधी पक्कड खाली ठेवली नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हाताची नक्कल केलीस तू?"

भाऊ उठून उभा राहिला. तोंड उतरलं होतं. "तार तोकडी कापली गेली गं. नवीन यायला महिना लागेल. लोकांना सांगून बसलोय मी. एका तारेने काय होतंय? तुला दाखवली असती तर फेकायला लावली असतीस."

"लावलीच असती!"

तिने कटर उचलला आणि ते कुलूप तोडलं. मग शेजारचं. मग त्याच्या पलीकडचं.

"ताई, अगं ते तुझं आहे!"

"कशावरून?"

तिसऱ्या तारेला तो कटर हिसकायला धावला. वर्षानुवर्षांची मेहनत होती, तोही आता पेटला होता. "पडलो असतो तर मी पडलो असतो! माझं विमान, माझा जीव. तुझं काय जाणार होतं?"

ताईने कटर सोडला नाही. रक्ताळलेलं बोट तिने त्याच्या शर्टावर रोवलं.

"तू सुटला असतास रे. त्या ढिगाऱ्यात लोकांना माझा पीळ सापडला असता. माझ्या हाताने भाऊ मेला, असं म्हणत मरेपर्यंत जगले असते मी. आणि 'ताई, ते तुझं काम नव्हतं' एवढं सांगायला तू नसतास."