शालनअक्कांचा शब्द

कानडी मुलखात, मारतहळ्ळीला दयानंदांच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळींचा बायबल अभ्यास भरतो. पुढच्या वेळी शास्त्रातला एक शब्द कोणी उलगडून सांगायचा, हे दयानंद आठवडाभर आधी ठरवतात. सतरा वर्षं तो मान शालनअक्कांचा होता. या खेपेला 'फ्थोरा' हा ग्रीक शब्द दयानंदांनी सुखदाला देऊन टाकला. सुखदा म्हणजे पुण्याहून इथे धर्मशास्त्र शिकायला आलेली, परवापरवाची पोर.

अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. ग्रीक काय, पुस्तकं घोकली की कुणालाही येतं! घरी येऊन त्यांनी भांडी आदळली, नवऱ्याला दोनदा विनाकारण टाकून बोलल्या.

गुरुवारी सुखदा त्यांच्याच दारात उभी. अर्थ तिला पाठ होता: नाश, सड, माणसाच्या नीतीचीही. पण बेळगावकडच्या बायकांना पटकन कळेल असा एक मराठी शब्द सापडत नव्हता. अक्कांना तो ऐकताक्षणीच सापडला. कुजणं. बाहेरून कुणी घाव घालायला नको, आतल्या आत नासत जाणं. शब्द ओठांवर आला होता, पण जीभ आवरून त्या म्हणाल्या, "'विध्वंस' म्हण. भारदस्त वाटतं." पोरीने ते लिहून घेतलं, वर आभारही मानले.

रविवारी सुखदाचा विध्वंस कुणाच्या डोक्यात शिरला नाही. बायका पंख्याकडे बघू लागल्या. दयानंदांनी सवयीने अक्कांकडे पाहिलं आणि अक्का त्याचीच वाट बघत होत्या. पाच मिनिटांत त्यांनी कुजणं असं समजावलं की मागच्या रांगेतल्या बायकाही माना डोलवू लागल्या. इतकं सुख त्यांना कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

सुखदाचा चेहरा मात्र खुलला होता. ती सगळ्यांना म्हणाली, "मी गुरुवारी मावशींकडे गेले होते. तेव्हा त्यांनाही हा शब्द सुचला नव्हता, नाहीतर त्यांनी दिलाच असता. आत्ता प्रभूने सुचवला."

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. अक्कांना ते मुस्काटात बसल्यासारखं लागलं.

दयानंद आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "अक्का, आता स्वल्प घरातलं एक उदाहरण द्या, म्हणजे झालं."

उदाहरणं अक्कांकडे ढीगभर होती, फणसाचं, बटाट्यांचं, इडलीच्या पिठाचं. सुखदा वहीवर पेन टेकवून वाट बघत होती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या.

"गुरुवारी ही पोरगी माझ्या दारात आली," त्या म्हणाल्या, "तेव्हा हा शब्द माझ्या तोंडात होता."