हिरव्या कागदावरचं शेवटचं नाव

एमिल होर्वाटनं हिरव्या कागदावरून एक स्टिकर नखानं उचकटला, भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या तक्त्यावर नोरीनच्या रकान्यात चिकटवला आणि अंगठ्यानं दोनदा दाबला.

"घ्या. सातवी फेरी संपली," तो म्हणाला.

"सरळ लाव रे," नोरीन म्हणाली. "दरवर्षी माझी माणसं तिरकी चिकटवतोस, आणि मग मैदानातसुद्धा ती तिरकीच पळतात."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. गावच्या अग्निशमन केंद्राचे दोन्ही बंब बाहेर उन्हात काढून ठेवले होते आणि त्यांच्या जागी लांब टेबल मांडलं होतं. टेबलावर हॅम घातलेले पाव, बटाट्याचं सारण भरून कांद्यात परतलेले पिरोगी आणि बर्फात खुपसलेल्या बियरच्या बाटल्या. ऑगस्टचा शेवटचा शनिवार या दहा जणांनी बावीस वर्षं असाच घालवला होता. त्या दिवशी ना कुणाच्या घरी लग्न ठरायचं, ना कुणी दाढ काढून घ्यायचं.

खेळ साधा होता, आणि त्यापायी होणारी भांडणं मुळीच साधी नव्हती. अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या संघांतल्या खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकानं पाळीपाळीनं सोळा जण निवडायचे आणि आपला कागदावरचा संघ उभा करायचा. मग चार महिने दर रविवारी ते खेळाडू मैदानात जे काही करतील त्याचे गुण आपल्या पदरात. एकानं नेलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. तक्ता भरला की त्याच संध्याकाळी तो डेल रिगिन्सच्या सलूनच्या काचेत लागायचा आणि कुणी कुठे माती खाल्ली ते सगळं गाव जातायेता वाचायचं.

स्टिकर लावायचं काम एमिलचं. काचकारखान्यात छत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाचा हात हलत नाही, असं कधीतरी कुणीतरी म्हटलं आणि ते काम त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच. नावं कागदावर छापूनच यायची; चेंडू छातीशी धरून धावणाऱ्यांची हिरव्या कागदावर, मोलाप्रमाणे वरून खाली. एके काळी त्याच्या मुलाचं, टोबीचं नाव पहिल्या ओळीत असे. आज ते चौथ्या रकान्यात तळाशी होतं.

गेल्या नोव्हेंबरात टोबीचा डावा गुडघा फिरला. एक शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी. तो बरा होईपर्यंत संघानं वाट कशाला पाहावी? दोन नवी पोरं घेतली, आणि दुसऱ्या संघातून एक मुरलेला गडी आणला. धावायला चौघं आणि चेंडू एक.

दाराशेजारी नियमांचा कागद टाचलेला होता. त्यातला शेवटचा नियम एमिलनं स्वतःच्या हातानं लिहिला होता, टोबी पहिल्यांदा मोठ्या संघात गेला त्या वर्षी: घरचा माणूस खेळत आहे तोवर त्याला आपल्या संघात घ्यायचं नाही आणि त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. त्या वर्षी टोबीचा घोटा मुरगळला होता. वर्तमानपत्रात ते शनिवारी आलं आणि एमिलला गुरुवारीच कळलं होतं. मित्रांच्या ताटात हात घातल्यासारखं त्याला वाटलं. कुणी मागितला नव्हता तरी त्यानं नियम केला, आणि तेव्हापासून पोटचा मुलगा त्याच्या संघात कधीच आला नाही.

तो बहुतेक वेळा डेलकडे गेला. डेलनं टोबीचे पहिले केस कापले होते. सामना संपला की डेल समोरच्या घरातून फोन करायचा, "तुझ्या पोरानं आज माझी अब्रू राखली." आणि निवडीच्या दिवशी संध्याकाळी टोबीचा फोन यायचा. "पप्पा, या वर्षी कितवा गेलो?" एका वर्षी तो तिसरा गेला होता. "तिसरा?" तो ओरडला होता. "म्हणजे दोन माणसं माझ्यापेक्षा बरी आहेत या गावाच्या मते?"

आज मात्र फोन सकाळी सातलाच आला.

"पप्पा, गुडघा गेला," टोबी म्हणाला होता. "डॉक्टर म्हणतात, चालायला पुरेल. पळायला नाही."

एमिलच्या हातात कॉफीचा मग होता. तो त्यानं जपून खाली ठेवला होता.

"मंगळवारी संघाची यादी लागते. त्याआधी मीच जाऊन सांगणार आहे. तोवर कुणाला बोलू नकोस. मला काढलं असं नाही व्हायला पाहिजे, पप्पा. मी थांबलो, असं होऊ दे."

"नाही बोलणार."

"आणि आज संध्याकाळी मी फोन नाही करत. कितवा गेलो ते या वर्षी नको विचारायला."

आठवी फेरी नोरीनच्या भाच्यापाशी, कोरीपाशी येऊन थांबली. कोरी या सगळ्यांत लहान, तिशीचा, आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचा आकडा असायचा. फोनवर बोट फिरवत तो म्हणाला, "मी जरा टोबीचा विचार करतोय."

"माझ्या टोबीला हात लावू नकोस," डेल म्हणाला.

"तुमच्या नावावर लिहून दिलाय का? हे बघा. तिथे नुसती गर्दी आहे. पहिल्या पोराला निम्मा चेंडू मिळणार, दुसऱ्याला उरलेला, आणि तो म्हातारा गोलरेषेपाशी. टोबीच्या वाट्याला काय? काही नाही. पण गुडघा ऑक्टोबरपर्यंत धरला तर तो या तिघांनाही खाऊन टाकेल. म्हणजे एक तर सोनं, नाहीतर राख." त्यानं मान वर केली. "एमिल काका, गुडघा कसा आहे? हो की नाही, एवढंच सांगा."

"कोरी," नोरीन म्हणाली.

"विचारायला काय जातंय? ते थोडेच सांगणारेत."

दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, तोही खेळाचाच भाग होता. मग एमिल मिशीतल्या मिशीत हसायचा, "माझ्या तोंडाला कुलूप आहे," म्हणायचा, आणि सगळे त्या हसण्याचा अर्थ लावत बसायचे. ते हसणं त्यानं आत्ताही आणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण बाकीचा चेहरा काही त्यांच्याबरोबर गेला नाही.

"माझ्या तोंडाला कुलूप आहे," तो म्हणाला आणि तक्त्याकडे वळला. नोव्हेंबरपासून त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. याच माणसांनी टोबीच्या पहिल्या सामन्याला बस करून आठ तासांचा प्रवास केला होता, आणि आज त्यांच्याकडे पाठ करून उभं राहण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हतं.

कोरीनं थोडा वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यानं दुसरंच कुणाचं तरी नाव घेतलं.

फेऱ्या पुढे सरकत राहिल्या. टोबीच्या संघातलं एक पोर नवव्या फेरीत गेलं, दुसरं अकराव्या, आणि तो मुरलेला गडी तेराव्या फेरीत खुद्द नोरीननं घेतला. तिघांचेही स्टिकर टोबीच्या आसपासच होते. दर वेळी एमिलला आपल्या मुलाच्या नावाला धक्का न लावता शेजारचं नाव सोलून काढावं लागलं. पंधराव्या फेरीच्या शेवटी चौथ्या रकान्यात त्या नावाभोवती नुसती गुळगुळीत रिकामी जागा राहिली होती.

"चला, आली शेवटची," डेलनं हात चोळले. "या वर्षी शेवटची पाळी माझी. मी टोबीला घेणार आहे, तेव्हा कुणी मध्ये तडमडू नका."

"राख घेताय, काका," कोरी म्हणाला.

"राख तर राख. अरे, त्या पोराला नववीत खांद्याला प्लास्टर होतं, तरी हा मैदानाच्या कडेनं धावत होता, का तर पाय बिघडतील म्हणून. ऑक्टोबर येऊ दे. गुडघा बरा होईल आणि तुम्ही सगळे माझ्या दारात अदलाबदल करायला रांग लावाल. मी एकेकाला दाढीला साबण लावून तसाच बसवून ठेवणार आहे."

पुन्हा सगळे हसले. डेल थट्टा करत नव्हता, हे एमिलला ठाऊक होतं. त्याचा खरोखरच विश्वास होता. आज संध्याकाळी तो टोबीचं नाव आपल्या रकान्यात, आपल्या दुकानाच्या काचेत लावणार. मंगळवारी बातमी येणार. मग येणारा-जाणारा काचेपाशी थांबणार, डेलला हसणार आणि टोबीची कीव करणार. आणि या सगळ्यात एमिल गप्प राहून सामील असणार.

दर फेरीला क्रम उलटा फिरायचा. या शेवटच्या फेरीत सगळ्यांत शेवटी डेल, आणि त्याच्या आधी एमिल.

"एमिल, बोल," नोरीन म्हणाली. "किकर घे आणि मोकळा हो. तुझ्याकडे अजून किकर नाही."

किकर म्हणजे नुसता चेंडूला लाथ मारणारा गडी; त्याला सगळे शेवटालाच घ्यायचे. एमिलनं खिशातली स्वतःची यादी काढली, उघडली आणि न वाचताच घडी करून परत ठेवली.

"टोबी होर्वाट," तो म्हणाला.

कोरीच सर्वांत आधी हसला. "काका, तुम्हाला नाही चालत. नियम आहे. तुमचाच आहे."

"मला माहीत आहे नियम काय आहे."

त्यानं हिरवा कागद हातात घेतला. दारातून बंबाच्या तापलेल्या पत्र्याचा वास येत होता. नोरीननं खुर्ची मागे सरकवली, दाराशेजारच्या कागदाशी गेली आणि चष्मा वर करून शेवटचा नियम वाचू लागली. तिचे ओठ हलत होते, ते 'तोवर' या शब्दापाशी थांबले. मग परत येऊन बसली आणि कोरीच्या मनगटावर तिनं हात ठेवला.

"काय झालं?" कोरीनं विचारलं.

"काही नाही. खा तू. पिरोगी गार होतायत."

कोरीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग एमिलकडे, आणि हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. कुणी बाटलीवरचा कागद सोलत बसलं, कुणी आपल्या यादीत नसलेलं काहीतरी शोधू लागलं.

एमिल स्टिकर काढत होता. कोपरा नखाला लागत नव्हता. दिवसभरात दीडशेहून जास्त नावं त्यानं बघता बघता सोलली होती, आणि हे एक काही केल्या सुटेना. त्यानं बोट पँटला पुसलं आणि पुन्हा खटपट केली.

डेल उठला. इतका वेळ तो एमिलकडे नुसता बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता थट्टेचा लवलेश नव्हता. त्यानं एमिलच्या हातातून तो हिरवा कागद घेतला, न्हाव्याच्या सवयीच्या बोटांनी स्टिकर अलगद उचलला आणि एमिलच्या रकान्यातल्या शेवटच्या चौकोनात लावला. एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. जरासा तिरका वाटला म्हणून काढून पुन्हा सरळ लावला.

"माझा किकर," मग तो म्हणाला. "मला एक किकर द्या."

"कुठला?" नोरीननं विचारलं.

"जो उरला असेल तो."

तक्ता भरला होता. दरवर्षी या वेळी सगळे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. या वर्षी कुणी फोन काढला नाही. डेल आणि कोरी तक्ता दोन बाजूंनी धरून डेलच्या ट्रककडे घेऊन गेले, आणि डेलनं तो नावं खाली करून मागे आडवा ठेवला.

"काचेत बुधवारी लावू," तो म्हणाला. "काच फार घाण झालीय. आधी पुसायला हवी."

बावीस वर्षांत तक्ता एकदाही दुसऱ्या दिवसावर गेला नव्हता. एका वर्षी वादळानं गावचे दिवे गेले होते, तेव्हाही डेलनं तो कंदील घेऊन लावला होता.

"नीट पूस हो," नोरीन म्हणाली. "कोपरे राहतात तुझे."

जाता जाता डेलनं एमिलच्या मानेवर पंजा ठेवला, केस कापताना मान जराशी वाकवायला ठेवावा तसा, आणि निघून गेला.

एमिल आपल्या गाडीत बसला. ऊन अजून समोरच्या काचेवर होतं. सकाळी मुलानं सांगितलं होतं, विचारणार नाही म्हणून. सांगू नकोस, असं काही तो म्हणाला नव्हता. एमिलनं नंबर लावला.

"हं, पप्पा."

"सोळाव्या फेरीत गेलास. शेवटून दुसरा."

पलीकडे टोबी थोडंसं हसला. "गेलो ना पण. मला वाटलं, राहतोय. डेल काकानं घेतलं असेल."

"तो घेणार होता. त्याच्या आधी मी घेतलं."

मग टोबी म्हणाला, "मी तुला एक गुणसुद्धा देणार नाही, पप्पा."

"माहितीये."

"आणि तुला चालत नाही ना मला घेतलेलं?"

"आता चालतं," एमिल म्हणाला.