साडूंची बाटली

घटस्फोटात सगळ्याची वाटणी झाली. फ्रीज बायकोकडे गेला, सोफा चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या नवऱ्याकडे, म्हणजे चष्मेवाल्याकडे आला आणि चार पातेल्यांवरून दोन्ही वकिलांनी एकमेकांचं डोकं खाल्लं. साडूचं काय करायचं, हे मात्र कुणी विचारलं नाही. बायकोच्या बहिणीचा नवरा तो. बायको गेली की आपोआपच जातो. वर्षाच्या आत तिने दुसरं लग्न केलं. त्याबद्दल चष्मेवाल्याची तक्रार नव्हती. चुटपुट होती ती साडूची, पण सांगणार कुणाला? बायको गेली म्हणून रडणाऱ्याला लोक चहा पाजतात. साडू गेला म्हणून रडणाऱ्याला वेड्यात काढतात.

साडू बस चालवायचा. सासुरवाडीच्या बैठकींना दोघेही सारखेच कंटाळायचे. एकदा 'सिगरेट आणतो' म्हणून सटकले, ओढत दोघांपैकी एकही नव्हता, आणि कोपऱ्यावरच्या छोट्या जपानी हॉटेलात शिरले. काड्यांनी खायची सवय कुणाला? चष्मेवाल्याचा सुशीचा तुकडा सोया सॉसच्या वाटीत धपकन पडला आणि दोघांच्याही शर्टांवर शिंतोडे उडाले. घरी दोन्ही बहिणींनी मिळून दोघांची बिनपाण्याने हजामत केली. तेव्हापासून तिथे जायचंच, असं ठरलं. गिऱ्हाइकाची बाटली नाव लावून फळीवर ठेवायची तिथे पद्धत होती. दोघांनी रताळ्याच्या दारूची एक घेतली. चिठ्ठीवर नाव काय लिहू, असं मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा साडू म्हणाला, "साडू लिहा. एका शब्दात दोघंही आलो."

घटस्फोटानंतर चष्मेवाला तिकडे फिरकला नाही. साडू भेटला तर बोलायचं काय? पण जिभेला चटक लागलेली. मग त्याने शहरातली बाकीची जपानी हॉटेलं पालथी घातली. मोठ्या हॉटेलांत दारातच "एकटेच?" असं विचारून त्याला कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी बसवत. एका ठिकाणी सुशीच्या बश्या फिरत्या पट्ट्यावरून यायच्या. घेऊ की नको करेपर्यंत बशी पुढच्या कुटुंबाने उचललेली असायची. रामेन नूडल्सच्या एका दुकानात तर प्रत्येकाला लाकडी फळ्यांचा वेगळा कप्पा होता, शेजारी कोण बसलंय ते दिसायचंच नाही. तिथे त्याला सगळ्यात बरं वाटलं, आणि तिथे बरं वाटलं याचंच मग घरी जाऊन वाईट वाटलं.

शेवटी एका मंगळवारी तो जुन्या जागी गेला. मंगळवारी साडूची संध्याकाळची पाळी असते, हे त्याला पाठ होतं. बाटली फळीवरच होती. पण अर्धी ठेवलेल्या बाटलीतली दारू आता तळाला टेकली होती.

"मालकीणबाई, आमची बाटली कुणी संपवत आणली?"

"तुमच्या जोडीदाराने," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी येतात की! तुम्हीच दिसत नाही."

चष्मेवाल्याने बाटलीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. म्हणजे साडूही इथे येऊन बसतो, आणि आपल्यासारखाच एकटा! त्या दिवशी त्याने बाटलीला हात लावला नाही. राहू दे शनिवारसाठी, म्हणाला. आठवडाभर दुकानात काचा घासताना तो मनात वाक्यं जुळवत होता. नवराबायकोचं फाटलं असेल, आपलं काय बिनसलंय साडूभाऊ?

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. दारावरचा कापडी पडदा बाजूला केला. साडू नेहमीच्या खुर्चीवर होता. शेजारच्या, चष्मेवाल्याच्या खुर्चीवर मात्र दुसराच कुणी होता. त्याच्या काड्यांतून सुटलेला तुकडा नुकताच वाटीत पडला होता आणि साडू शर्टावरचे शिंतोडे पुसत पोट धरून हसत होता. "मेलो! आता घरी दोघी बहिणी मिळून आपली पूजा बांधणार!"

दोघांच्या मध्ये बाटली होती, तिच्या गळ्यात तीच चिठ्ठी. चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं. तिला नवा नवरा मिळाला म्हणजे साडूला नवा साडू मिळाला. एवढी साधी गोष्ट, पण आठवडाभरात ती चष्मेवाल्याच्या डोक्यात शिरली नव्हती. लग्नाची बातमी ऐकून लागलं नव्हतं, तेवढं त्याला आत्ता लागलं.

तो मागे फिरणार, तोच मालकीणबाईंनी खणखणीत आवाजात स्वागत केलं. दोघांनी वळून पाहिलं. साडू ताडकन उभा राहिला.

"अहो... या ना, या. हे माझे... म्हणजे, हे आपले..." साडूची गाडी तिथेच अडली. नवा माणूस हसून हात पुढे करत होता. त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"मी चष्मेवाला," चष्मेवाला म्हणाला. "यांचा चष्मा माझ्याच दुकानातला."

"अरे वा! मग मलाही एकदा नंबर तपासून घ्यायचाय."

"या की, केव्हाही या."

तो पार टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसला. मालकीणबाईंनी काही न विचारता त्याच्यापुढे एक पेला ठेवला आणि हॉटेलच्या बाटलीतून ओतून दिला. तिकडे नव्या माणसाची बडबड चालूच होती. साडूने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिला. काचा स्वच्छच होत्या. चष्मेवाल्याने स्वतः घासून बसवलेल्या, त्याला एवढ्या लांबूनही ते कळत होतं.